विश्लेषण : नवा स्टिरिओ घेण्याआधी हे तपासा... दोष सेटमध्ये, खोलीत की कानात?

दिवाळीची आवराआवर सुरू होती. हॉलमधल्या जुन्या स्टिरिओवरची धूळ झटकता झटकता आई म्हणाली, ''एकतर हा नीट कर, नाहीतर भंगारात देऊन टाक.'' तिचे वैतागणे समजण्यासारखे होते. वर्षभर बाबांची एकच तक्रार होती. डावीकडचा आवाज दबलाय, शब्दांना धार नाही, झांजा तर ऐकूच येत नाहीत. मग ते आवाज वाढवणार, आई कमी करणार, आणि शेवटी सेट बंद होणार. रोज सकाळी सुरू होणारा सेट आठवड्यातून एकदा सुरू होऊ लागला होता.

दुकानात विचारले, तर सेट न पाहताच उत्तर मिळाले, ''जुना झाला साहेब, नवा घ्या.'' किंमत ४० हजारांच्या पुढे. पैसे भरण्याआधी एक रविवार घालवून पाहू, असे ठरवले. इंजिनिअरिंगमध्ये शिकलेले बरेचसे विसरलो असलो, तरी 'एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बघा' हा प्रयोगशाळेतला नियम लक्षात होता. त्या रविवारी जे हाती लागले ते कोणत्याही घरातल्या कोणत्याही सेटला लागू पडणारे आहे. म्हणून हे विश्लेषण.

स्टिरिओ म्हणजे नेमके काय?

दोन स्पीकर असले म्हणजे स्टिरिओ, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन स्पीकरमधून थोडे वेगवेगळे ध्वनी सोडून आपल्या मेंदूला फसवणे, म्हणजे स्टिरिओ. गायक मधोमध बसला आहे, तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला, असे चित्र डोळे मिटल्यावर उभे राहिले पाहिजे. मधोमध खरे तर काहीच नसते, तिथे भिंत किंवा टीव्ही असतो. तरी आवाज तिथूनच येतो असे वाटते.

ही कल्पना ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलाइन यांची. ईएमआय कंपनीत काम करत असताना त्यांनी १९३१ मध्ये या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला मात्र १९५० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू कसे ओळखतो? उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो, डाव्या कानात किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या सहा-सात पट इतकाच असतो. म्हणजे एक मिलिसेकंदही नाही. मेंदू तेवढाही फरक पकडतो.

आता आपल्या हॉलमध्ये काय होते ते पाहा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तुम्ही एका स्पीकरच्या फक्त एक फूट जवळ बसलात, तर त्याचा आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद आधी पोहोचतो. मेंदू आधी आलेल्या आवाजाला महत्त्व देतो. परिणामी मधोमध बसलेला गायक उठतो आणि जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. हजारो रुपयांचा सेट घेऊनही 'मजा येत नाही' असे म्हणणाऱ्यांची अर्धी तक्रार इथेच असते.

स्पीकर कुठे ठेवायचे?

आपल्याकडे स्पीकरची जागा आवाजावरून ठरत नाही. जागा रिकामी कुठे आहे यावरून ठरते. एक शोकेसवर, दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर, अशी आमचीही स्थिती होती. दोघांच्या उंचीत तीन फुटांचा फरक होता.

नियम साधा आहे. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरमध्ये सात फूट अंतर असेल, तर तुम्हीही प्रत्येक स्पीकरपासून साधारण सात फुटांवर बसा. मोजायला टेप नसेल तर सुतळी घ्या. दोन्ही स्पीकर किंचित आत, तुमच्याकडे वळवा.

दुसरी गोष्ट उंची. स्पीकरमधला छोटा गोल, म्हणजे ट्विटर, कानाच्या पातळीत हवा. कमी कंपनसंख्येचा आवाज सगळीकडे पसरतो, पण झांजा, बासरीतली फुंकर, 'स' आणि 'श' ही अक्षरे यांचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. तो डोक्यावरून गेला, तर गाणे दबलेले वाटते. सोफ्यावर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटरवर असतात. पण घरात गादीवर, सतरंजीवर बसून ऐकायची पद्धत असेल, तर हीच उंची ७० ते ७५ सेंटिमीटरपर्यंत खाली येते. स्पीकर त्यानुसार खाली घ्या किंवा पुढून थोडे झुकवा.

तिसरी गोष्ट म्हणजे टेकू. पोकळ लाकडी शोकेसवर किंवा लोखंडी कपाटावर ठेवलेला स्पीकर त्या फर्निचरलाही वाजवतो. स्पीकरखाली रबराचे चार तुकडे ठेवले की हा आगंतुक वाद्यवृंद बंद होतो.

जमले की नाही हे कसे ओळखायचे? एखादे जुने मोनो गाणे लावा. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' प्रसारित झाले तो काळ मोनोचाच होता. १९५० च्या दशकातली हिंदी आणि मराठी चित्रपटगीतेही मोनोच आहेत. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो. त्यामुळे गाणारा बरोबर मध्यभागी ऐकू आला पाहिजे. तो एका बाजूला सरकलेला असेल, तर अंतर चुकले आहे. तो मध्यभागी न येता सगळीकडे विरघळल्यासारखा वाटत असेल आणि बासही गायब असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि दोघे एकमेकांना खोडतात. सेट बंद करून वायर सरळ करा. खर्च शून्य.

खोली आवाज कसा बिघडवते?

नव्या फ्लॅटचा ताबा घेतला तो दिवस आठवा. रिकाम्या हॉलमध्ये नुसते बोललो तरी आवाज घुमत होता. सामान आले, पडदे लागले आणि घुमणे कमी झाले. या अनुभवाला गणितात बसवले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबाइन यांनी. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या एका सभागृहात बोललेले कळत नाही म्हणून त्यांच्याकडे काम आले. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून ठेवल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते हे मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते. १९०० मध्ये सुरू झालेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत ते प्रथम कामी आले.

हेच सूत्र आपल्या हॉलला लावू. १० बाय १५ फुटांचा, साडेनऊ फूट उंचीचा हॉल धरा. त्याचे घनफळ सुमारे ४० घनमीटर. खाली टाइल्स, भिंतींना रंग, काचेची सरकती खिडकी, म्हणजे जवळपास सगळेच पृष्ठभाग आवाज परत फेकणारे. सरासरी फक्त पाच टक्के आवाज शोषला जातो असे मानले, तर आवाज विरायला सुमारे १.८ सेकंद लागतात. जाड पडदा, गालिचा, कापडी सोफा, पुस्तकांचे कपाट यांमुळे शोषण सरासरी १५ टक्क्यांवर गेले, तर हाच वेळ सुमारे ०.६ सेकंदांवर येतो. १.८ सेकंदांत गाण्याचा पुढचा शब्द येतो, तरी आधीचा गेलेला नसतो. शब्द अस्पष्ट होतात. आपण म्हणतो, 'स्पीकर खराब आहे.'

एक सोपी चाचणी करा. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'ट्रर्र' असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाजाचे टेबल टेनिस खेळत आहेत. दोघींपैकी एकीवर काही तरी मऊ किंवा ओबडधोबड लावा. पडदा चालेल, भरलेले पुस्तकांचे कपाटही चालेल.

नेमके कुठे लावायचे? त्यासाठी आरसा घ्या. तुम्ही नेहमीच्या जागी बसा. घरातल्या दुसऱ्याला हातातला आरसा बाजूच्या भिंतीला टेकवून सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथून त्याचा आवाज उसळून तुमच्या कानात येतो. तेवढ्या जागेवर उपाय केला की पुरे. पूर्ण भिंत झाकायची गरज नसते.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. पातळ पुठ्ठा फारसा आवाज शोषत नाही, बासला तर हातही लावत नाही, आणि आग लागली तर पटकन पेटतो. तो नाद सोडा.

बास कधी घुमतो, कधी गायब होतो, असे का?

याचे उत्तर तरंगलांबीत आहे. हजार हर्ट्झच्या आवाजाची लाट साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते. ५० हर्ट्झची लाट मात्र सुमारे सात मीटर! ती आपल्या बेडरूममध्ये मावतच नाही. अशी लाट समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःवरच येऊन पडते. काही जागी दुप्पट होते, काही जागी शून्य.

१० फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये हे साधारण ५६ हर्ट्झला घडते. १२ फुटांमध्ये ते ४७ हर्ट्झला घडते. खोली १० बाय १० असेल, तर दोन्ही दिशांना तीच कंपनसंख्या अडकते आणि ढोल-ताशाचा एकच ठोका अंगावर येतो, बाकी सगळे फिके पडते. चौकोनी खोली संगीताला वाईट म्हणतात ती यामुळेच.

उपाय दोन. पहिला, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. स्पीकर भिंतीजवळ नेला की बास वाढतो, कोपऱ्यात नेला की आणखी वाढतो. फूट-दीड फूट पुढे घेतला तरी फरक कळतो. दुसरा, स्वतःची जागा बदला. मागच्या भिंतीला डोके टेकवून बसलात तर बास सर्वात जास्त, खोलीच्या बरोबर मध्यभागी बसलात तर सर्वात कमी. या दोन टोकांच्या मधली जागा शोधा.

वेगळा सबवूफर असेल, तर एक युक्ती आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा. बास असलेले गाणे लावा आणि तुम्ही खोलीभर रांगत फिरा. जिथे बास एकसारखा, स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवा. घरचे हसतील, पण उत्तर बरोबर येते. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, हे त्यामागचे कारण.

महाग वायर आणि जास्त वॅट किती कामाचे?

आधी वायर. साध्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या बहुतारी वायरचा रोध किलोमीटरमागे सुमारे १३ ओहम असतो. स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी. घराच्या वायरिंगसाठी विद्युत दुकानात मिळणारी ही वायर पुरेशी आहे. अंतर जास्त असेल किंवा स्पीकर चार ओहमचे असतील, तर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या. सेटसोबत येणारी केसासारखी बारीक वायर मात्र बदला. टोके सोलून, पिळून घट्ट बसवा. एकही सुटा तार शेजारच्या तारेला लागता कामा नये.

आता वॅट. जुन्या डब्यांवर हजारोंनी 'पीएमपीओ' वॅट छापलेले असत. या आकड्याला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नाही. पाहायचा तो 'आरएमएस' हा आकडा. आणि वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, हेही खरे नाही. वॅट दुप्पट केले की फक्त तीन डेसिबल वाढतात. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ५० ऐवजी ६० वॅटचा ॲम्प्लिफायर घेऊन कानाला काहीही कळणार नाही.

घरात नेहमीच्या आवाजात गाणी ऐकताना प्रत्यक्षात एक-दोन वॅटच खर्च होत असतात. उरलेले वॅट तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेसाठी राखीव असतात. ते कमी पडले की ॲम्प्लिफायर लाटेचे शेंडे कापतो. त्यालाच आपण 'आवाज फाटला' म्हणतो. असा फाटलेला आवाज सतत वाजवला, तर ट्विटर जळू शकतो. आवाज फाटला की बटण मागे घ्या.

मोबाइल, ब्लूटूथ, टीव्ही : गाणे येते कुठून?

सेट चांगला, पण गाणेच दरिद्री असेल तर? सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. ॲपमधून येणाऱ्या गाण्यात ती अनेकदा याच्या पाव हिश्श्याहूनही कमी असते. कमी म्हणजे वाईटच असे नाही. ३२० किलोबिटचे गाणे आणि सीडी यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. पण डेटा वाचवण्यासाठी ॲपमध्ये 'लो' पर्याय निवडलेला असेल, तर फरक नक्की कळतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी पाहा. वायफाय आणि मोबाइल डेटा यांचे पर्याय बहुधा वेगवेगळे असतात, दोन्ही तपासा. यूट्यूबवर कुणी तरी कॅसेटवरून चढवलेले गाणे सेटने सुधारत नाही, हेही लक्षात ठेवा.

ब्लूटूथवर ऐकताना मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा. उलटे केले, म्हणजे मोबाइलचा आवाज कमी ठेवून ॲम्प्लिफायर वाढवला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. मोबाइलमधले 'बास बूस्ट', 'थ्रीडी' वगैरे बंद करा. इक्वलायझर वापरायचाच असेल, तर काय वाढवू यापेक्षा काय कमी करू असा विचार करा. घुमणारा बास थोडा कमी केला, की शब्द आपोआप पुढे येतात.

टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने स्टिरिओला दिला आणि काहीच ऐकू आले नाही, तर केबल खराब समजू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. जुन्या किंवा साध्या उपकरणांना डॉल्बीची भाषा कळत नाही.

सतत 'घूं' आवाज येतो, बटण फिरवले की खरखर होते...

'घूं' आवाज बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. सेट, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स वेगवेगळ्या सॉकेटला जोडलेले असले आणि त्यात केबलवाल्याची वायर आली, की अर्थिंगचे वर्तुळ तयार होते. चाचणी सोपी आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. आवाज थांबला, तर दोषी सापडला. सगळी उपकरणे एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यानेही फरक पडतो. पण आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा प्रकार करू नका. तो जिवावर बेतू शकतो.

बटण फिरवताना खरखर होत असेल, तर आत धूळ आणि गंज आहे. काँटॅक्ट क्लीनर स्प्रेने ती जाते. मात्र ॲम्प्लिफायर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्या.

वूफरच्या कडेची फोमची किंवा रबराची पट्टी बोटाने हळूच दाबून पाहा. आपल्या दमट हवेत फोमचा काही वर्षांत भुगा होतो. स्पीकर फाटल्यासारखा वाजतो आणि लोक तो फेकून देतात. खरे तर फक्त ती कड किंवा कोन बदलता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली या भागांत अशा कामांची चौकशी करता येईल.

दोष नेमका कुठे, हे कसे शोधायचे?

आमच्या घरी वरचे सगळे झाले. स्पीकर खाली आले, वायर बदलली, भिंतीवर पडदा आला. आवाज स्वच्छ झाला, आई म्हणाली, ''आता शब्द कळतात.'' पण बाबांचे म्हणणे तेच. डावी बाजू दबलेली.

मग अदलाबदल सुरू केली. मोनो गाणे लावले, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. प्रत्येक वेळी सेट बंद करून एकच बदल करायचा आणि मग ऐकायचे. सेट सुरू असताना स्पीकरच्या वायरना हात लावू नये, शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायर जाऊ शकतो.

पहिली पायरी. ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायर आपसात बदलल्या. दबलेला आवाज आता उजवीकडे गेला असता, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागे मोबाइल, सीडी प्लेअर, जोडणीची केबल यांत असता. (त्यापुढे इनपुटच्या लाल-पांढऱ्या पिना बदलून या दोघांतला दोषी ठरवता येतो.) गेला नाही. डावीकडेच राहिला.

दुसरी पायरी. दोन्ही स्पीकर उचलून त्यांच्या जागा बदलल्या. स्पीकर किंवा त्याची वायर खराब असती, तर दोष तिच्याबरोबर उजवीकडे गेला असता. गेला नाही.

आता दोनच शक्यता उरल्या. खोलीची डावी बाजू किंवा... तिसऱ्या पायरीला बाबांची खुर्ची उलटी फिरवली. स्पीकर त्यांच्या पाठीमागे आले. जो स्पीकर आधी त्यांच्या डाव्या हाताला होता, तो आता उजव्या हाताला. दोष खोलीत असता, तर आता त्यांना उजवीकडे दबलेले वाटले असते.

बाबांनी डोळे मिटून ऐकले. ''अरे, अजून डावीकडेच,'' ते म्हणाले. थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. मग त्यांनी स्वतःच डावा कान हाताने झाकला, उघडला, पुन्हा झाकला. फोनही ते हल्ली उजव्याच कानाला लावत होते, हे आईला तेव्हा आठवले.

कानाची तपासणी कधी करावी?

वयानुसार उच्च कंपनसंख्येचे आवाज ऐकू येणे आधी कमी होते. म्हणजे झांजा, पक्ष्यांचा आवाज आणि बोलण्यातले 'स', 'श', 'फ', 'त' यांसारखे उच्चार. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. माणूस टीव्ही मोठा करतो, 'तुम्ही पुटपुटता' म्हणतो, सेट खराब झाला म्हणतो. बदल इतका हळू होतो की ज्याचा कान आहे त्यालाच शेवटी कळते.

बाबांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. आधी कानातला मळ काढला, मग ऑडिओमेट्री चाचणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात आणि प्रत्येक कानाचा आलेख काढतात. दोन्ही कानांत वयानुसार घट होती, डाव्यात जास्त. डॉक्टरांनी एका बाजूची जास्त घट आहे म्हणून पुढची तपासणीही करून घेतली आणि नियमित चाचणीला यायला सांगितले.

एका कानाचे कमी ऐकू येणे कधीही अंगावर काढू नये. आणि एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे कमी झाले, तर तीच तातडीची वेळ समजावी. उपचार जितके लवकर, तितकी ऐकू परत येण्याची शक्यता जास्त.

आहे ते जपण्यासाठी आवाजाची मर्यादाही हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. डेसिबल वाढले की ही वेळ झपाट्याने घटते. मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपमधून अंदाज घेता येतो. तो अगदी अचूक नसतो, पण ७० आणि ९० मधला फरक दाखवायला पुरतो.

रात्री हळू आवाजात गाणे फिके का लागते?

आवाज कमी केला की आपल्या कानाला बास जास्तच कमी ऐकू येतो. बेल लॅबमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे बटण असते ते यासाठीच. हळू आवाजात ते सुरू करायचे, मोठ्या आवाजात बंद. अनेक घरांत ते कायम सुरू असते आणि बास घुमतो म्हणून सेटला शिव्या बसतात.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पडदा आणि गालिचा खोलीतले घुमणे कमी करतात, आवाज भिंतीपलीकडे जाणे थांबवत नाहीत. बास तर स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री सबवूफर बंद, स्पीकरखाली रबर आणि स्पीकरच्या जवळ बसून ऐकणे, हा त्यातला मार्ग.

मग पैसे खर्च करायचे तर कुठे?

क्रम असा ठेवा.

१. स्पीकरची जागा, उंची आणि तुमची बसायची जागा. खर्च शून्य.
२. वायरची लाल-काळी बाजू, घट्ट जोडणी, ॲपमधील ऑडिओ क्वालिटी. खर्च जवळपास शून्य.
३. पडदा, गालिचा, पुस्तकांचे कपाट.
४. अदलाबदल करून दोष शोधणे आणि तेवढीच दुरुस्ती.
५. घरातल्या ज्येष्ठांची कानाची तपासणी.
६. एवढे करूनही समाधान नसेल तर नवे स्पीकर. आवाजात सर्वात जास्त फरक त्यांनीच पडतो. घेताना ओळखीची गाणी सोबत न्या आणि शक्य असल्यास घरी लावून पाहण्याची मुभा मागा. दुकानातली खोली तुमच्या घरी येत नाही.
७. ॲम्प्लिफायर आणि बाकी उपकरणे त्यानंतर.

आमचे ४० हजार तूर्त वाचले. खर्च झाला तो वायर, रबराचे तुकडे, एक जाड पडदा आणि डॉक्टरांची फी. सेटवरचे बॅलन्सचे बटण आता मध्यापासून थोडे डावीकडे असते. डॉक्टरांना विचारूनच, आणि आवाज न वाढवता. आईला त्यामुळे गायक जरा डावीकडे सरकलेला वाटतो. ती म्हणते, चालेल, मी तिकडे बसते.